निर्मनुष्य किनाऱ्याची उन्हाळी सफर

आर्क्टिक प्रदेशातल्या उन्हाळी जलसफरींची वर्णने वाचताना एक शब्द हमखास भेटतो : निर्मनुष्य. जहाजाच्या कठड्याशी शे-दीडशे माणसे दुर्बिणी लावून उभी असतात, खाली स्वयंपाकघरात रात्रीच्या जेवणाची घाई चाललेली असते, किनाऱ्यावर नेणाऱ्या रबरी होड्यांत बंदूक खांद्याला लावलेले वाटाडे बसलेले असतात. आणि लेखक लिहितो, की आपण एका निर्मनुष्य प्रदेशात येऊन पोहोचलो. ह्यात लबाडी आहे असे आम्ही म्हणत नाही. लेखकाला तसे खरोखरच वाटत असते. पण तसे वाटण्याचे शिक्षण त्याला कुठे मिळाले, हा प्रश्न प्रवासवर्णनाचा अभ्यास करणाऱ्यांनी विचारायला हवा. मराठी प्रवासीही आता ह्या सफरींना जाऊ लागले आहेत, त्यांचे अनुभव छापून येऊ लागले आहेत. तेव्हा हा प्रश्न परक्याच्या अंगणातला राहिलेला नाही.

आमचे म्हणणे असे, की आर्क्टिकची उन्हाळी सफर ही पर्यटन-व्यवसायाची वस्तू होण्यापूर्वी एक साहित्यिक घाट होती, आणि निर्मनुष्य किनारा हा त्या घाटाचा मूळ संकेत होता. हा संकेत वस्तुस्थितीला धरून नाही. तो किनारा रिकामा दिसतो, कारण आधीच्या उन्हाळी सफरींनी तो रिकामा केला. हे विसरले गेल्यामुळे आज त्या सफरींवर जी बंधने येत आहेत ती वाचकाला स्वातंत्र्याचा संकोच वाटतात. आम्हांला ती तशी वाटत नाहीत.

आधी सफर कशी असते ते पाहू. उदाहरण म्हणून स्वालबार घेतो, कारण ह्या प्रकारची सगळी ठरावीक चिन्हे तिथे एकत्र आढळतात. नॉर्वेच्या उत्तरेला, साधारण ७४ ते ८१ अक्षांशांच्या दरम्यान पसरलेला हा द्वीपसमूह. त्यातले सर्वांत मोठे बेट स्पिट्सबर्गेन. निम्म्याहून अधिक भूभाग हिमनद्यांखाली. लाँगइयरब्येन ह्या मुख्य गावी एप्रिलच्या विशीपासून ऑगस्टच्या विशीपर्यंत सूर्य मावळत नाही. प्रवासी विमानाने ह्या गावी उतरतो, बोटीवर चढतो, पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे जातो, हिमनदीचे तोंड समुद्रात कोसळताना पाहतो, पक्ष्यांचे कडे पाहतो, वॉलरस पाहतो, नशीब असेल तर पांढरे अस्वल पाहतो आणि आठ-दहा दिवसांत परततो. ज्या उत्तरध्रुवीय प्रकाशाच्या छायाचित्रांनी त्याला आर्क्टिकचे वेड लावलेले असते तो प्रकाश मात्र त्याला दिसत नाही. उन्हाळ्यात आकाश काळे होतच नाही, मग तो दिसणार कुठून?

ह्या सफरीचा आद्य साहित्यिक नमुना म्हणून लॉर्ड डफरिन ह्यांच्या 'लेटर्स फ्रॉम हाय लॅटिट्यूड्स' ह्या १८५७ च्या पुस्तकाकडे बोट दाखवता येते. त्यांच्याआधीही प्रवासी गेले होते. लिओनी दोने ही फ्रेंच स्त्री १८३९ मध्ये एका वैज्ञानिक मोहिमेच्या जहाजातून स्पिट्सबर्गेनला जाऊन आली आणि १८५४ मध्ये तिने त्यावर पुस्तकही लिहिले. पण हौसेखातर, स्वतःच्या नौकेतून, उन्हाळ्यापुरते उत्तरेला जावे आणि घरी खुसखुशीत पत्रे लिहावीत, ही शैली लोकप्रिय केली ती डफरिन ह्यांनी. १८५६ च्या उन्हाळ्यात, तिशीच्या उंबरठ्यावर असताना, ते 'फोम' नावाची शिडाची नौका घेऊन आइसलंड, यान मायेन, हॅमरफेस्ट आणि स्पिट्सबर्गेन असे फिरले. ही पत्रे त्यांनी आपल्या आईला लिहिली आहेत. आई स्वतः कवयित्री. पुढे १८६३ मध्ये 'लिस्पिंग्ज फ्रॉम लो लॅटिट्यूड्स' ह्या नावाने तिने हौशी प्रवासिनींची आणि त्यांच्या भाबड्या रोजनिश्यांची जी यथेच्छ थट्टा केली, तिच्या शीर्षकात चिरंजीवांनाही एक चिमटा होता. प्रवासवर्णनाचा पहिला टीकाकार घरातच असावा, हे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते.

पुस्तक अत्यंत वाचनीय आहे, हे आधी मान्य करू. नोकर विल्सन हा कायमचा निराशावादी. त्याची आणि मालकाची जोडी विनोदी वाङ्मयात स्थान मिळवण्याजोगी आहे. जहाजावर एक कोंबडा होता. उत्तरेला जाता जाता रात्र नाहीशी झाली, आणि आरवावे केव्हा हे त्या बिचाऱ्याला कळेना. त्याने वेळी-अवेळी आरवून पाहिले, मग खाणे-पिणे बिघडले, आणि अखेर त्याने समुद्रात उडी घेतली. हसत हसत वाचावा असा हा प्रसंग. पण उन्हाळी आर्क्टिकचे ह्याहून अचूक वर्णन आमच्या वाचनात नाही. बाहेरून आलेल्या प्राण्याच्या कालगणनेचा आधारच तिथे निखळतो.

आता मुद्द्याकडे येऊ. स्पिट्सबर्गेनच्या उपसागरात नांगर टाकल्यावर डफरिन तिथल्या स्तब्धतेचे वर्णन करतात. मृत्यूसारखी शांतता, जीवनाचा मागमूस नाही, अशा सुरात. तोच सूर पुढच्या दीडशे वर्षांत हजारदा गिरवला गेला आहे. आणि लगोलग, त्याच किनाऱ्यावर चालताना, त्यांना अठराव्या शतकातल्या एका दर्यावर्द्याची उघडी पडलेली शवपेटी सापडते. तिथली जमीन गोठलेली, खणता येत नाही. म्हणून पेटी वरच्या वर ठेवून तिच्यावर दगड रचण्याची पद्धत होती. म्हणजे ज्या किनाऱ्यावर माणसाचा मागमूस नाही म्हणून लेखक भारावला, तिथे त्याच्या आधी निदान एक माणूस शंभर वर्षे पडून होता. डफरिन ह्यांची थोरवी अशी, की त्यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या. त्यांच्या मागून आलेल्यांनी पहिली उचलली आणि दुसरीचे शोभेचे भूत केले.

तो दर्यावर्दी तिथे कशासाठी आला होता? तोही उन्हाळी सफरीवरच आला होता. ह्या एका वाक्याभोवती आमचा सगळा लेख फिरतो, म्हणून इथे थोडे थांबतो.

१५९६ मध्ये विलेम बारेंट्स ह्या डच नाविकाच्या मोहिमेने ही बेटे युरोपच्या नकाशावर आणली. त्यानंतर पंधरा-वीस वर्षांतच इंग्रज आणि डच जहाजे दर उन्हाळ्याला देवमाशांसाठी येऊ लागली. बोहेड जातीचा देवमासा संथ पोहतो, मेल्यावर तरंगतो आणि त्याच्या अंगावर चरबीचा जाड थर असतो. शिकाऱ्याला ह्याहून सोयीचा प्राणी कुठला? वायव्य टोकाच्या आम्स्टरडॅम बेटावर डचांनी १६१९ च्या सुमारास स्मेरेनबर्ग उभारले. नावाचा अर्थ सरळ आहे : चरबीचे गाव. किनाऱ्यावर विटांच्या भट्ट्या, त्यांच्यावर तांब्याच्या प्रचंड कढया, त्यांत उकळणारी चरबी, सगळीकडे काळा धूर आणि घाण. निघालेल्या तेलावर युरोपचे दिवे जळत होते, साबण बनत होता. पुढे ह्या वस्तीविषयी दंतकथा पसरल्या, की तिथे हजारो माणसे, दुकाने, प्रार्थनामंदिरे होती. विसाव्या शतकातल्या उत्खननांनी त्या खोट्या ठरवल्या. भर हंगामात काही शे माणसे एवढीच ती वस्ती होती. पण ती काही शे माणसे पुरेशी ठरली. १६६० च्या सुमारास किनाऱ्याजवळचे देवमासे संपले, जहाजे खुल्या समुद्राकडे वळली, भट्ट्या थंड झाल्या. ज्या जातीच्या देवमाशांनी हे उपसागर भरलेले होते ती जात तिथे नामशेष होण्याच्या काठावर जाऊन पोहोचली.

ह्या लोकांचे वेळापत्रक आजच्या प्रवासी-कंपनीने उतरवून घ्यावे असे होते. बर्फ मोकळा झाला की यायचे, उन्हाळाभर राहायचे, पुन्हा गोठण्याच्या आत निघायचे. हिवाळा हा ह्या घाटाच्या बाहेरचा मजकूर. १६३३ मध्ये सात डच खलाशी मुद्दाम मागे राहिले आणि हिवाळा काढून जिवंत निघाले. त्यामुळे धीर येऊन पुढच्या वर्षी आणखी सात राहिले, ते सातही मेले. त्यांची रोजनिशी उरली. आर्क्टिकच्या वाङ्मयाचा इतिहास लिहायचा झाला तर आरंभी ती रोजनिशी ठेवावी लागेल आणि डफरिन ह्यांना बऱ्याच पुढच्या प्रकरणात बसवावे लागेल.

उन्हाळ्यातही मरणारे मरतच होते. स्मेरेनबर्गजवळच्या एका भूशिराचे नाव लीकनेसेत, म्हणजे प्रेतांचे टोक. तिथे दोनशेहून अधिक थडगी आहेत. १९८० च्या आसपास डच पुरातत्त्वज्ञांनी ह्या परिसरातली काही थडगी उघडली, तेव्हा गोठलेल्या जमिनीने लोकरीचे कपडे जसेच्या तसे जपलेले आढळले. त्यांतल्या विणलेल्या टोप्या आज आम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. प्रत्येक टोपीचे पट्टे वेगळे, रंगांची जुळणी वेगळी. थंडीमुळे माणूस असा गुरफटलेला असे, की डोळ्यांखेरीज काही दिसू नये. मग सोबत्यांना ओळखायचे ते टोपीवरून. गाव, घर, धनी, पगार, विणणारे हात असे सगळे सामाजिक जगणे त्या एका टोपीत आहे. आणि ती ज्या किनाऱ्यातून निघाली त्याला आम्ही निर्मनुष्य म्हणतो.

हौशी पर्यटकही डफरिन ह्यांच्यानंतर फार उशिरा आले असे नाही. नॉर्वेच्या एका जहाज-कंपनीने १८९६ मध्ये हॅमरफेस्टहून स्पिट्सबर्गेनला उन्हाळी फेऱ्या सुरू केल्या आणि किनाऱ्यावर एक छोटेसे हॉटेलही बांधले. ते दोन हंगामांत बंद पडले. जागेला 'हॉटेलचे टोक' हे नाव मात्र चिकटून राहिले. त्याच सुमारास आंद्रे नावाचा स्वीडिश अभियंता जवळच्या डेन्स बेटावरून फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे जाण्याच्या तयारीत होता. त्याची तयारी पाहायला पर्यटकांची जहाजे येत. ११ जुलै १८९७ रोजी तो दोन सोबत्यांसह उडाला आणि दिसेनासा झाला. १९३० मध्ये पूर्वेकडच्या एका बेटावर तिघांचे अवशेष सापडले, त्यांच्या कॅमेऱ्यातल्या फिती तेहतीस वर्षांनी धुतल्या आणि चित्रे उमटली. तो जिथून उडाला तिथले खिळे, फळ्या, लोखंडाचे तुकडे मधल्या काळात आठवण म्हणून किती पर्यटकांच्या खिशांतून गेले ह्याची मोजदाद नाही. आज त्या जागी उतरायला खास परवानगी लागते, आणि १९४६ पूर्वीचा मानवी वावराचा प्रत्येक अवशेष, मग तो गंजका खिळा का असेना, स्वालबारमध्ये कायद्याने संरक्षित आहे. अशा कायद्याची गरज पडलेला प्रदेश निर्मनुष्य कसा?

इथे एक आक्षेप येईल आणि तो वाजवी आहे. स्वालबारमध्ये मूळ रहिवासी नव्हतेच. जे आले ते सगळे बाहेरचे. देवमासे मारणारे, कोल्ह्यांसाठी सापळे लावणारे रशियन, मग कोळसा खणणारे. तेव्हा ही भूमी कुणाचीच नव्हती असे म्हटले तर काय बिघडले? आमचे उत्तर असे, की हे स्वालबारपुरते खरे आहे, पण वाङ्मयीन संकेत एका बेटापुरता राहत नाही. स्वालबारमध्ये शिकलेली नजर प्रवासी तशीच ग्रीनलंडला नेतो. तिथे ती धडधडीत अन्यायकारक ठरते.

ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यातला जलप्रवास हे शतकानुशतकांचे घरगुती जगणे आहे. हिवाळ्यातले दगड-मातीचे घर वसंतात सोडायचे, सामान-सुमान, मुले, म्हातारी माणसे, कुत्री होडीत भरायची आणि उन्हाळी मुक्कामाला निघायचे. ही होडी म्हणजे उमियाक; लाकडी सांगाड्यावर कातडे ताणलेली, रुंद, आणि ग्रीनलंडमध्ये प्रामुख्याने बायकांनी वल्हवायची. पुरुष आपापल्या कयाकमध्ये पुढे-मागे. कयाक हा शब्द जगभर गेला, खेळाच्या दुकानांत जाऊन बसला. उमियाक मात्र कुणाच्या जिभेवर आला नाही. शिकारी पुरुषाची एकट्याची होडी साहित्याला भावली, कुटुंब वाहणारी बायकांची होडी भावली नाही. स्त्रीवादी समीक्षा शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात घ्यावे.

उन्हाळी मुक्कामाला तिथल्या भाषेत आसिविक म्हणतात. आसाक म्हणजे उन्हाळा. तिथे केपलिन मासे वाळवायचे, रेनडिअरची शिकार करायची, बोरे गोळा करायची, दूरदूरच्या नातलगांना भेटायचे, सोयरिकी जमवायच्या, भांडणे गाण्यांनी मिटवायची. २०१८ मध्ये युनेस्कोने ग्रीनलंडमधल्या एका प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्याच्या नावातच आसिविस्सुइत आहे : मोठा उन्हाळी मुक्काम. समुद्रापासून आतल्या बर्फापर्यंतच्या ह्या वाटेवर हजारो वर्षांच्या येण्या-जाण्याच्या खुणा आहेत. १९७० च्या दशकात, ग्रीनलंडच्या तरुणांनी डेन्मार्ककडे स्वशासनाची मागणी लावून धरली तेव्हा आपल्या राजकीय-सांस्कृतिक मेळ्यांना त्यांनी हेच नाव दिले. १९७९ मध्ये गृहशासन आले, २००९ मध्ये स्वशासन. म्हणजे उन्हाळी होडीची सफर ही त्या समाजाच्या राजकीय स्मृतीचाही भाग आहे. आजही इलुलिस्सातच्या बंदरात उन्हाळ्यात पाहावे तर घरोघरच्या मोटारबोटी आठवड्याच्या सुट्टीला बाहेर पडताना दिसतात. त्यांच्याच बाजूने पर्यटकांची जहाजे हिमनगांकडे जातात, आणि छायाचित्र घेताना मासेमाऱ्याची बोट चौकटीबाहेर ठेवली जाते. बोट आली तर चित्र बिघडते.

ह्या नजरेला आमच्या माहितीतले सर्वांत चोख उत्तर एका आफ्रिकी लेखकाने दिले आहे. तेते-मिशेल क्पोमासी हा टोगोचा. किशोरवयात नारळाच्या झाडावर सापाशी गाठ पडून तो खाली पडला. त्यातून बरा होत असताना, आता त्याला अजगराच्या पंथाला वाहायचे असे घरच्यांनी ठरवले. नेमके त्याच वेळी लोमे शहरातल्या एका पुस्तकाच्या दुकानात त्याला ग्रीनलंडच्या लोकांविषयीचे पुस्तक मिळाले. जिथे झाडे नाहीत आणि साप नाहीत असा देश! तो घरातून पळाला. पश्चिम आफ्रिका, मग युरोप, अशी वर्षानुवर्षे मजुरी करत करत तो १९६५ च्या उन्हाळ्यात जहाजाने ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला उतरला. त्याचे 'लाफ्रिकँ द्यु ग्रोएनलान्द' हे पुस्तक १९८१ मध्ये फ्रेंचमध्ये आले.

तोही उन्हाळ्यातच, बोटीनेच गेला. पण त्याच्या पुस्तकात बंदरावर माणसे आहेत, आणि ती त्याच्याकडे बघत आहेत. असा उंच, काळा माणूस त्यांनी पाहिलेला नव्हता. धक्क्यावर शांतता पसरली, मुले घाबरून आयांना बिलगली. निर्मनुष्य किनाऱ्याच्या संकेतात लेखकाला सर्वांत मोठी सोय कुठली असेल तर ही, की तिथे त्याच्याकडे उलटून बघणारे कुणी नसते. क्पोमासीने ती सोय नाकारली. खरे तर त्याला ती उपलब्धच नव्हती. त्यामुळे तो लोकांच्या घरांत राहिला, त्यांचे अन्न जेवला, त्यांच्या दारूबाजीवर आणि आळसावर चिडला, त्यांच्या मायेने विरघळला, आणि हिवाळा काढला. आमच्या विद्यापीठांतल्या वसाहतोत्तर साहित्याच्या अभ्यासक्रमांत हे पुस्तक क्वचितच दिसते. वसाहतीतला माणूस दुसऱ्या वसाहतीतल्या माणसाकडे जातो तेव्हा प्रवासवर्णनाचे व्याकरण कसे बदलते, हे दाखवायला ह्याहून चांगली संहिता नाही. तिथल्या आजच्या लेखनासाठी निविआक कॉर्नेलिउसेन वाचावी. २०२१ चा नॉर्डिक कौन्सिलचा साहित्य पुरस्कार तिच्या कादंबरीला मिळाला आणि ग्रीनलंडच्या लेखकाला तो पहिल्यांदाच मिळाला. तिच्या कादंबरीत हिमनगांचे सौंदर्य शोधणाऱ्याची निराशा होईल. तिथे तरुण मुलांच्या आत्महत्या आहेत.

मराठी वाचकाच्या मनात ह्या टप्प्यावर टिळक आले असतीलच. 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' १९०३ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाले. बहुतेक लेखन १८९८ मध्ये, तुरुंगातून सुटल्यानंतरचे. वैदिक ऋषींचे पूर्वज ध्रुवप्रदेशात राहत होते हा त्यातला सिद्धान्त आज अभ्यासकांना मान्य नाही, आणि तो पुन्हा उभा करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. पण ग्रंथाकडे कल्पनाशक्तीचे काम म्हणून पाहिले तर एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. उषासूक्तांतली अनेकवचनी उषा, तैत्तिरीय संहितेतल्या तीस उषा ह्यांवरून त्यांनी महिनाभर रेंगाळणारी पहाट सिद्ध करायला घेतली. डफरिन ह्यांच्या कोंबड्याला पहाट सापडत नव्हती. टिळकांना मंडालेच्याही आधी, पुण्यात बसून, तीस दिवसांची सापडली. आणि तिकडे कधीही पाऊल न टाकलेल्या ह्या माणसाने त्या प्रदेशासाठी शब्द वापरला तो 'घर'. जे जाऊन आले त्यांनी तिथे निर्जनता पाहिली. जो गेला नाही त्याने तिथे घर पाहिले. आडाखा चुकीचा होता, पण आर्क्टिक ही माणसांनी राहण्याची जागा आहे ही मूळ धारणा डफरिन ह्यांच्या धारणेपेक्षा सरस होती. योगायोग असा, की ज्या डफरिन ह्यांनी १८८८ मध्ये, व्हाइसरॉयपदावरून निरोप घेताना, काँग्रेसवाल्यांना सूक्ष्मदर्शकातून दिसतील इतके अल्पसंख्य ठरवले, त्यांना भरल्या देशातही माणसे मोजताना अडचण येत होती. हा विनोद आम्ही एवढ्यावरच सोडतो. दुवा ओढून ताणायचा नाही.

आता बंधनांविषयी. १ जानेवारी २०२५ पासून स्वालबारच्या संरक्षित क्षेत्रांत एका जहाजावर दोनशेहून अधिक प्रवासी नेता येत नाहीत, आणि तिथे किनाऱ्यावर उतरायचे तर ठरवून दिलेल्या ४३ जागांवरच उतरता येते. पांढऱ्या अस्वलापासून किमान तीनशे मीटर दूर राहायचे. १ मार्च ते ३० जून ह्या काळात पाचशे मीटर. जड इंधन तेलावर चालणाऱ्या जहाजांना बेटांभोवतालच्या समुद्रात २०२२ पासूनच मज्जाव आहे. ह्या नियमांवर जी टीका झाली तिच्यात दोन सूर आहेत आणि ते वेगळे काढायला हवेत. एक सूर तिथल्या लहान बोटवाल्यांचा आहे. दहा-बारा प्रवासी नेणाऱ्या बोटीला आणि दोनशे प्रवासी नेणाऱ्या जहाजाला उतरायच्या जागांचा एकच नियम का, असे ते विचारतात. लाँगइयरब्येनची शेवटची कोळसा-खाण २०२५ मध्ये बंद झाली. त्या गावाला पर्यटनाखेरीज फारसे मार्ग उरलेले नाहीत. ही तक्रार पोटाची आहे आणि तिची दखल घेतली जावी असे आम्हांला वाटते. नॉर्वेला ह्या नियमांतून बेटांवरची आपली सत्ताही अधोरेखित करायची असणार. राज्यसंस्था निव्वळ अस्वलांच्या प्रेमाने कायदे करत नाही.

दुसरा सूर प्रवाशांचा आणि त्यांच्या लेखकांचा. आता साहस संपले, आता तिथेही रांगा आणि फलक, आता मनात येईल तिथे उतरता येणार नाही. ह्या सुराशी आमचा झगडा आहे. मनात येईल तिथे उतरण्याच्या हक्काने त्या किनाऱ्याचे चारशे वर्षे काय केले ते वर सांगितलेच आहे. पायवाट पडलेल्या शेवाळी जमिनीला सावरायला तिथे दशके लागतात. उन्हाळाच इतका तोकडा, की वनस्पतीला वाढायला दिवस मिळत नाहीत.

ह्या दुसऱ्या सुराचा एक जुळा भाऊ अलीकडे फार बोकाळला आहे, तो म्हणजे शोकगीताचा. संपण्यापूर्वी पाहून घ्या, असे जाहिरात म्हणते. पाहून आलेला लेखक डोळे पुसत लिहितो, की पुढच्या पिढीला हे दिसणार नाही. स्वालबार पृथ्वीवरच्या सर्वाधिक वेगाने तापणाऱ्या प्रदेशांपैकी आहे, हे खरेच. परंतु विमानाने आणि जहाजाने तिथवर जाऊन, जळालेल्या इंधनाचा उल्लेख न करता, वितळणाऱ्या बर्फाकडे पाहून अश्रू ढाळणारे गद्य आम्हांला वाङ्मयीन दृष्ट्याही खोटे वाटते. शोकगीतात शोक करणाऱ्याचा मृताशी काही संबंध असावा लागतो. इथे तो संबंध आहे, आणि नेमका तोच लपवलेला असतो. शिवाय हा शोक पुन्हा बर्फाचा, अस्वलाचा, शुभ्रतेचा; माणसांच्या खुणांचा नाही. वास्तविक जमीन वितळू लागल्याने पहिल्यांदा नष्ट होत आहेत ती थडगी. लाटा किनारा खातात, पेट्या उघड्या पडतात, चारशे वर्षे टिकलेली लोकर काही उन्हाळ्यांत कुजते.

मराठीत ह्या प्रदेशाविषयी लिहिणाऱ्यांकडून आमची अपेक्षा फार मोठी नाही. आपल्याकडे प्रवासवर्णनाची एक परंपरा गोडसे भटजींपासून सुरू होते. 'माझा प्रवास' लिहिणाऱ्या ह्या वरसईच्या भिक्षुकाला १८५७ च्या धामधुमीतही दक्षिणा किती मिळाली, कुठे काय खाल्ले, कुणी कुणाला लुटले हे लिहावेसे वाटले. निसर्गाने भारावण्याइतकी त्याला फुरसत नव्हती. त्याच्या डोळ्यांना स्मेरेनबर्गची थडगी चुकली नसती, आणि जहाजावर भांडी घासणारा माणूस कुठल्या देशाचा आणि त्याला पगार किती, हेही त्याने विचारून घेतले असते. ह्या सफरींच्या वर्णनांत आजवर आम्हांला तो भांडी घासणारा कुठेही भेटलेला नाही.

गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे 'हिमाद्री' हे स्थानक २००८ पासून स्पिट्सबर्गेनच्या नी-ऑलेसुंड वस्तीत आहे. जुने कोळशाचे गाव ते; १९६२ मध्ये खाणीतल्या स्फोटात एकवीस माणसे मेली आणि पुढे खाण बंद झाली. आता तिथे अनेक देशांचे शास्त्रज्ञ राहतात. पर्यटकांची बोट ह्या वस्तीजवळ आली की प्रवाशांना सांगितले जाते, भ्रमणध्वनीचे वायफाय आणि ब्लूटूथ बंद करा. इथली उपकरणे फार दूरचे क्षीण संदेश ऐकत असतात, त्यांना तुमचा गलबला चालत नाही. प्रवासी मुकाट्याने बंद करतात. मग धक्क्यावर उतरून, खाणकामगारांच्या जुन्या घरांमधून चालत, जगातल्या सर्वांत उत्तरेकडच्या टपाल-कचेरीतून घरी पत्र टाकतात.